मिलवॉकीची रात्र, पिओरियाचं मशीन

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२, पहाटे ४.१६. अंक दारात पडायला पावणेसव्वीस तास

मिशिगन सरोवराच्या काठावर मिलवॉकी शहर झोपेत आहे आणि वर चंद्र पुरता पृथ्वीच्या सावलीत शिरला आहे. खग्रास ग्रहण ५.४१ पर्यंत चालेल. वेळा वर्षानुवर्षं आधी मांडलेल्या, त्यात मिनिटाचाही फरक पडणार नाही.

त्या दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट अशीच आधी ठरून बसली होती. आज विस्कॉन्सिन राज्याचा राज्यपाल निवडला जाणार आणि तो कोण, हे उद्याच्या छापील 'मिलवॉकी जर्नल सेंटिनल'ला ठाऊक नसणार. अंकाची मालक गॅनेट कंपनी. मतमोजणीसाठी छपाईची वेळ पुढे ढकलली जाणार नाही, निकाल संकेतस्थळावर आणि ई-पेपरात पाहावेत, असं तिने देशभरच्या आपल्या दैनिकांच्या बाबतीत ठरवून टाकलं होतं.

पुढच्या घटनाक्रमात कोणाचा जीव जात नाही, पूल पडत नाही, मशीनसुद्धा अडकत नाही. सगळं वेळापत्रकाबरहुकूम पार पडतं. राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराचं दैनिक राज्याच्या सर्वांत मोठ्या बातमीशिवाय निघतं आणि त्यात कोणाचीही चूक झालेली नसते. अरिष्ट म्हणायचं ते यालाच.

सकाळी ७.००. तेवीस तास

मतदान केंद्रं उघडली. राज्यपालपदासाठी डेमोक्रॅट टोनी एव्हर्स विरुद्ध रिपब्लिकन टिम मिशेल्स, सेनेटसाठी रिपब्लिकन रॉन जॉन्सन विरुद्ध डेमोक्रॅट मँडेला बार्न्स. दोन्ही लढती अटीतटीच्या. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर विस्कॉन्सिनमध्ये १८४९ सालचा जुना कायदा पुन्हा डोकं वर काढून बसला होता. विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात, त्यामुळे राज्यपालाचा नकाराधिकार कोणाकडे राहतो याला घराघरात वजन होतं.

याच क्षणी आणखी एक काम सुरू झालं. टपालाने आलेल्या मतांचे लखोटे विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी मोजणीसाठी हाताळता येत नाहीत. मिलवॉकीची अशी सगळी मतं एका मध्यवर्ती ठिकाणी मोजली जातात आणि त्यांचा आकडा रात्री उशिरा एकगठ्ठा बाहेर पडतो. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो पहाटे तीननंतर आला. निवडणूक अधिकारी निकालाच्या पेनड्राइव्ह घेऊन पोलिस बंदोबस्तात निघाल्या आणि बायडन यांची राज्यातली आघाडी शेवटी २०,६८२ मतांची ठरली. म्हणजे निकालाला उशीर होणार हे मिलवॉकीत कोणालाही सांगायला लागत नव्हतं. उशीर कायद्यातच होता. तो सोसण्याची ताकद वृत्तपत्रात असायला हवी होती, आणि ती याच वर्षी काढून घेतली गेली.

दुपारी १२.००. अठरा तास

छापखाना कुठे गेला हे सांगायला दुपार बरी. रात्री वेळ मिळणार नाही.

'मिलवॉकी जर्नल' हे सायंदैनिक, 'मिलवॉकी सेंटिनल' हे सकाळचं. टंकयंत्राला चालता आकार देऊन १८६८ मध्ये त्याचं पेटंट घेणारे ख्रिस्तोफर शोल्स मिलवॉकीचेच, आणि एकेकाळी 'सेंटिनल'चे संपादक. १९२४ मध्ये 'जर्नल'ने शहराच्या मध्यभागी स्वतःची भक्कम इमारत बांधली. १९३७ मध्ये त्याहून मोठं काम झालं: कंपनीचे समभाग कर्मचाऱ्यांच्या हाती देण्याची योजना सुरू झाली. मशीनवरचा माणूस आणि डेस्कवरचा माणूस दोघेही भागधारक. १९६२ मध्ये 'सेंटिनल' संपाने बेजार झालं, तेव्हा हर्स्ट कंपनीकडून तेही 'जर्नल'वाल्यांनी विकत घेतलं. १९९५ मध्ये दोन्ही पत्रं एक झाली.

मग या शतकाच्या सुरुवातीला शहराला लागून असलेल्या वेस्ट मिलवॉकीत दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चून नवा छापखाना उभा राहिला. मागे वळून पाहणाऱ्याला हा खर्च वेडेपणा वाटेल, पण त्या वेळी तो तसा नव्हता. रंगीत पानांची मागणी वाढत होती, रविवारच्या अंकात जाहिरातींच्या पुरवण्या कोंबून भरलेल्या असत, आणि मोठं दैनिक म्हणजे मोठं मशीन हे समीकरण कोणी तपासून पाहत नव्हतं. कॅन्सस सिटीत तर 'स्टार' दैनिकाने २००६ मध्ये सुमारे वीस कोटी डॉलर घालून काचेचा छपाई-महाल बांधला. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत फिरणारा कागद दिसावा, असा. २०२१ मध्ये त्या 'स्टार'ची छपाई शेजारच्या आयोवा राज्यात, डे मॉइनला गेली. न्यू ऑर्लिन्सचं 'टाइम्स-पिकायून' २०१६ मध्येच अलाबामातल्या मोबील गावी छापायला जाऊ लागलं होतं.

मिलवॉकीत मालकी हलायला लागली तीही याच काळात. २००३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि कर्मचाऱ्यांची पकड सुटली. २०१६ मध्ये गॅनेटने २८ कोटी डॉलरमध्ये सगळं विकत घेतलं. २०१९ मध्ये गॅनेट स्वतःच गेटहाउस या दुसऱ्या वृत्तपत्र-कंपनीच्या पोटात गेली. नाव मात्र गॅनेटचं ठेवलं. त्या खरेदीसाठी अपोलो या वित्तसंस्थेकडून सुमारे १.८ अब्ज डॉलरचं कर्ज काढलं गेलं, साडेअकरा टक्के व्याजाने. गुणाकार करून पाहा. वर्षाला वीस कोटी डॉलर व्याज. एका वर्षाच्या व्याजात कॅन्सस सिटीचा काचमहाल उभा राहिला असता. पुढे कर्ज फिरवून व्याजदर खाली आणला गेला, पण तोवर कात्री चालवायची सवय लागली होती.

दोष नुसता कर्जावर टाकणंही खरं नाही. वृत्तपत्राचं मशीन ही भुकेली वस्तू आहे. ताशी साठ-सत्तर हजार प्रती काढणारं यंत्र रात्री दीड तास फिरून उरलेला दिवस गप्प बसलं, तर त्याची जागा, वीज, सुटे भाग आणि माणसं कोणालाच परवडत नाहीत. खप घसरला की मालक शेजारच्या गावाचे अंक आपल्या मशीनवर ओढतो. तिथलं मशीन बंद होतं, आपलं थोडं जगतं. काही वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमधल्याच अ‍ॅपल्टनचं मशीन बंद झालं आणि तिथलं काम वेस्ट मिलवॉकीला आलं. अ‍ॅपल्टनच्या कामगारांना तेव्हा जे कारण सांगितलं असेल, तेच पुढे मिलवॉकीच्या कामगारांना ऐकावं लागलं. त्यात २०१८ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या वृत्तपत्र-कागदावर भरमसाट आयातशुल्क लावून काही महिने सगळ्यांचीच पाठ मोडली. ते ऑगस्टमध्ये रद्द झालं. दरम्यान कमी केलेली पानं बहुतेक ठिकाणी परत आली नाहीत.

२०२२ च्या पूर्वार्धात वेस्ट मिलवॉकीचा छापखाना बंद झाला. पावणेदोनशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. अंक आता इलिनॉय राज्यातल्या पिओरियात छापला जाणार होता. अंतर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, मालमोटारीने साडेतीन-चार तास. मुंबईचा अंक छत्रपती संभाजीनगरला छापून रोज रात्री मुंबईला आणावा, एवढं.

दुपारी ४.३०. साडेतेरा तास

सूर्य मावळतोय. घड्याळं दोनच दिवसांपूर्वी एक तास मागे घेतली आहेत, त्यामुळे अंधार लवकर पडतो. मतदानाला अजून साडेतीन तास बाकी.

डेस्कवरचा हिशेब शेवटाकडून सुरू करावा लागतो. वाचकाच्या दारात अंक पडायची वेळ आपण सोयीसाठी सकाळचे सहा धरू. अंक टाकणारी माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन येतात, गठ्ठे सोडतात, घड्या घालतात, पिशव्यांत भरतात आणि अंधारात मैलोन्मैल फिरतात. त्यांच्या हातात गठ्ठे तीनच्या आत हवेत. त्याआधी रस्त्याचे चार तास. त्याआधी गठ्ठे बांधणं आणि गाडी भरणं. त्याआधी प्रत्यक्ष छपाई. त्याआधी प्लेट बनवणं: प्रत्येक रंगीत पानाला चार अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा. आणि मशीन एकट्या मिलवॉकीचं नाही. पिओरियाचं स्वतःचं 'जर्नल स्टार' आहे, शिवाय इतर गावांचे अंक आहेत. प्रत्येकाला ठरलेला वेळ, स्टेशनात लोकल शिरावी तसा. एक थांबला की मागचे सगळे थांबले.

उलटं मोजत गेलं की पान सोडायची वेळ संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास येऊन पडते. माझा हा हिशेब ढोबळ आहे, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. कितीही ताणला तरी तो मतदान संपायच्या वेळेपलीकडे फारसा जात नाही.

रात्रपाळी केलेल्या मराठी पत्रकाराला हे दृश्य ओळखीचं वाटेल. आपल्याकडे डाक आवृत्ती असायची. मुंबई-पुण्याहून लांबच्या जिल्ह्यांत जाणारा अंक संध्याकाळीच छापून एस.टी.त किंवा रेल्वेत चढायचा. त्यात रात्रीच्या सामन्याचा निकाल नसायचा आणि चंद्रपूरच्या वाचकाने तो दुसऱ्या दिवशीच्या अंकात शोधायचा, हे गृहीत असे. मग आपल्याकडे उलटा प्रवास झाला. छापखाने वाचकाच्या दिशेने सरकले, जिल्ह्याजिल्ह्यांत आवृत्त्या निघाल्या, आणि गावातला मोर्चा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येऊ लागला. अमेरिकेत आज राज्याच्या मुख्य शहराचा अख्खा अंक डाक आवृत्ती झाला आहे. शहर आवृत्ती उरलीच नाही.

पानं लावण्याचं कामही एव्हाना गावात राहिलेलं नव्हतं. गॅनेटने ते मध्यवर्ती डिझाइन केंद्रांकडे नेलं होतं. म्हणजे बातमी मिलवॉकीत लिहिली जाते, पान परगावी लागतं, छपाई तिसऱ्या गावी होते, आणि मग अंक आपल्या शहराच्या नावाचा मथळा मिरवत पाहुण्यासारखा घरी येतो.

आजच्या पहिल्या पानाचं काय करायचं? अशा वेळी डेस्ककडे एकच विद्या असते: सकाळी वाचलं तरी खोटं ठरणार नाही असं लिहायचं. मतदार रांगेत उभे होते, चुरस होती, कल रात्री उशिरा कळतील. प्रत्येक वाक्य खरं असतं आणि वाचकाला आधीपासून ठाऊकही असतं.

रात्री ८.००. दहा तास

केंद्रांचे दरवाजे बंद झाले. रांगेत असलेल्यांना मत टाकता येईल, नव्याने कोणी आत येणार नाही. मोजणी सुरू.

इथे १९४८ ची आठवण टाळता येत नाही, कारण ती याच मुलुखातली आहे. पिओरियाच्याच इलिनॉय राज्यात शिकागो. त्या वर्षी २ नोव्हेंबरला 'शिकागो ट्रिब्यून'च्या अंकावर मथळा गेला की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईंनी ट्रूमनना हरवलं. प्रत्यक्षात जिंकलेल्या, हसऱ्या ट्रूमननी दोन दिवसांनी तो अंक सेंट लुईसच्या स्थानकावर हातात धरून उंचावला आणि ते छायाचित्र जगभर गेलं. मतचाचण्या आणि एका ज्येष्ठ राजकीय वार्ताहराचा फाजील आत्मविश्वास यांच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते. तिच्यामागचं साधं कारण मात्र विसरलं जातं. 'ट्रिब्यून'चे जुळारी संपावर होते. मजकूर टंकलिखित करून त्याचे ठसे काढावे लागत होते, आणि त्यापायी पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कित्येक तास आधी छपाईला सोडावी लागे. निकाल यायच्या आत मथळा हवा होता, म्हणून अंदाज बांधला गेला.

तरी त्या रात्री 'ट्रिब्यून'ला मागाहून मथळा बदलता आला. नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली, आधीचे अंक गोळा करायला माणसं धावली. मशीन खालच्या मजल्यावर होतं म्हणून. २०२२ मधला संपादक अंदाजाचा मथळा देत नाही, म्हणून त्याचं हसं होत नाही. त्याचं छायाचित्र कोणी काढत नाही. तो फक्त गप्प असतो.

रात्री १०.३०. साडेसात तास

पिओरियात रीळ सुटलं असेल, किंवा सुटून थांबलंही असेल. पहिल्या काही शे प्रती रद्दीतच जातात: रंग जागेवर बसेपर्यंत निळं एकीकडे, लाल दुसरीकडे. मग मशीन वेग घेतं, घडी पडते, पट्ट्यावरून अंक पुढे सरकतात. आजवर माणसाने केलेल्या चांगल्या यांत्रिक करामतींपैकी ही एक आहे, आणि ती पाहिलेल्या माणसाला छापखाना बंद झाल्याची बातमी नोकऱ्यांच्या आकड्यापाशी संपल्यासारखी वाटत नाही.

मिलवॉकीच्या वार्ताकक्षात या वेळी खरी रात्र सुरू झाली आहे. वार्ताहर दोन्ही पक्षांच्या जल्लोषाच्या ठिकाणी पोहोचलेत, जिल्ह्यांचे आकडे येताहेत, संकेतस्थळावर मिनिटामिनिटाला बदल होतोय. पत्रकारिता कुठेही कमी पडलेली नाही. फोनवर वाचणाऱ्याला या रात्री पूर्वीपेक्षा जास्तच मिळालं. पैसे भरून ई-पेपर घेणाऱ्यालाही मिळालं.

उरला तो कागदाचा वर्गणीदार. बहुधा वयस्क, बहुधा वर्षानुवर्षांचा, आणि छापील अंकासाठी पूर्वीपेक्षा जास्त पैसे मोजणारा. कंपनीच्या ताळेबंदात तो अजून मोलाचा आहे, कारण छापील अंकातून येणारा पैसा डिजिटल वर्गणीने भरून निघालेला नाही. म्हणजे सर्वाधिक किंमत मोजणाऱ्याला सर्वांत जुनी बातमी. मग तो कंटाळून अंक बंद करतो. त्याचं नाव खपाच्या घसरणीत धरलं जातं, आणि त्या घसरणीकडे बोट दाखवून पुढचं मशीन बंद होतं. वाचक कागद सोडून चाललाय हे खरंच. पण कागदातून बातमी आधी कोणी काढली, हाही प्रश्न विचारायला हवा.

आणखी एक नुकसान कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. छापील अंक ग्रंथालयात जातो, त्याची मायक्रोफिल्म होते. पन्नास वर्षांनी कोणी ९ नोव्हेंबर २०२२ चं पान काढेल. राज्यपालाच्या निवडणुकीनंतरची ती पहिली सकाळ, आणि पानावर निवडून आलेल्याचं नाव नाही. संकेतस्थळावर त्या रात्री दर दहा मिनिटांनी बदलत गेलेलं पान तोवर कुठे असेल, याची हमी आज कोणी देत नाही.

मध्यरात्र उलटल्यावर. सहा तासांहून कमी

मिशेल्स समर्थकांसमोर आले आणि त्यांनी हार मान्य केली. एव्हर्स पुन्हा राज्यपाल. अंतिम आकड्यांत फरक सव्वातीन टक्क्यांहून जास्त, सुमारे नव्वद हजार मतं. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात हा ऐसपैस विजय. एव्हर्स भाषणात आपल्याच अरसिक प्रतिमेवर विनोद करतात: लोक मला कंटाळवाणा म्हणतात, पण कंटाळवाणाच जिंकला.

या घटनाक्रमातली खरी घटका ही. मशीन वेस्ट मिलवॉकीत असतं तर काय झालं असतं, ते रात्रपाळीचा कोणीही माणूस बोटांवर मोजून सांगेल. शहराबाहेर लांब जाणारे गठ्ठे आधीच रवाना. मग मशीन थांबवायचं. पहिलं पान तयारच असतं, दोन मथळ्यांचं, दोन छायाचित्रांचं. एक काढून टाकायचं. काही मिनिटांत प्लेटा, त्या चढवायला आणखी काही मिनिटं, आणि एकच्या सुमारास मशीन पुन्हा सुरू. दीडला शहरातली पहिली गाडी बाहेर. सहा वाजता दारात आठ कॉलमी मथळा: एव्हर्स.

पिओरियाला फोन करून काही उपयोग नव्हता. अंक छापून झाला होता आणि गाड्या वाटेवर होत्या.

मशीन विकताना, मोडताना किंवा हलवताना कागदावर जी बचत दिसते ती यंत्राची, जागेची आणि पगाराची असते. प्रत्यक्षात कंपनीने रात्र विकली. आठ ते दीड हे साडेपाच तास. सामने त्यात संपतात, मोठ्या आगी त्यातच लागतात, महापालिकेच्या लांबलेल्या सभा त्यातच आटोपतात आणि मतमोजणी त्यातच होते. दिवसा घडणारी बातमी तर दूरदर्शनच्या आणि फोनच्या जमान्यात संध्याकाळीच शिळी होते. सकाळच्या दैनिकाचं स्वतःचं असं भांडवल रात्रीचंच होतं.

बुधवार, पहाटे ३.००. तीन तास

गाड्या विस्कॉन्सिनची हद्द ओलांडून आल्या आहेत. त्यांच्यात भरलेला कागद ज्या राज्याच्या नावाने निघतो, त्या राज्याला आता जे माहीत आहे ते कागदाला माहीत नाही.

गोदामात अंक टाकणारे थांबलेत. ही माणसं मिळणं त्या काळात अवघड होऊन बसलं होतं. पगार बेताचा, पेट्रोल महाग, घरं लांब लांब, कारण गल्लीत पूर्वी वीस दारांवर अंक पडायचे तिथे आता दोन. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत गॅनेटने आपली कित्येक लहान दैनिकं सरळ टपालखात्याच्या हवाली केली. दुपारी पत्रांबरोबर पेपर. तिथे पहाटे तीनची ही गर्दीही संपली, आणि छपाईला घाई करायचं शेवटचं कारणही.

सकाळी ६.००

अंक दारात पडला.

त्यानंतर

बुधवारी दुपारच्या सुमारास सेनेटचाही निकाल लागला. जॉन्सन सुमारे २७ हजार मतांनी निवडून आले, बार्न्स यांनी हार मान्य केली. हा निकाल गावातल्या मशीनलाही गाठता आला नसता, हे कबूल करायला हवं. छापखाना जवळ असणं म्हणजे सर्वज्ञ असणं नव्हे.

दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०२४ ला, तेच शहर. त्या दिवशी मिलवॉकीत मतमोजणी यंत्रांच्या झाकणांवरचं सील नीट लागलेलं नसल्याचं दुपारी लक्षात आलं आणि सुमारे ३१ हजार मतं पुन्हा यंत्रातून घालावी लागली. शहराच्या टपाली मतांचा एक लाखाहून मोठा गठ्ठा पहाटे बाहेर आला. पहाटे ४.३४ ला असोसिएटेड प्रेसने विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्या खात्यात टाकलं, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही. सारं जग ज्या राज्याच्या आकड्यासाठी जागत होतं, त्याचा आकडा मोजणाऱ्या शहराचा छापील अंक तेव्हा परराज्यातून छापून केव्हाच निघाला होता.

न्यू ऑर्लिन्सचा अंक छापून द्यायला पुढे आलेल्या मोबीलचं स्वतःचं 'प्रेस-रजिस्टर' फेब्रुवारी २०२३ मध्ये छापायचं थांबलं. न्यू जर्सीच्या 'स्टार-लेजर'ने परराज्याची वाट न धरता फेब्रुवारी २०२५ मध्ये कागदच सोडला. छापखाना आणि छापील अंक एकदमच गेले. आता सगळं गोळा होतंय ते मोजक्या मशीनांपाशी, आणि त्यांतलं एखादं बंद पडलं तर एका रात्रीत दहा शहरांचे अंक अडतील.

ताजं उदाहरण शेजारच्या मिनेसोटाचं. 'मिनेसोटा स्टार ट्रिब्यून'चा मिनिआपोलिसमधला हेरिटेज छापखाना १९८७ चा. वार्ताकक्ष दमदार आहे, पण मशीन क्षमतेच्या पाचव्या हिश्शानेही चालत नव्हतं. २०२५ च्या डिसेंबरअखेर ते बंद झालं, सव्वाशे नोकऱ्या गेल्या, आणि अंक आयोवातल्या डे मॉइनला, पूर्वीच्या गॅनेट कंपनीच्याच मशीनवर छापला जाऊ लागला. कॅन्सस सिटीचा 'स्टार' जिथे गेला होता, तेच हे गाव.

डे मॉइन ते मिनिआपोलिस सरळ उत्तरेला जाणारा ३५ क्रमांकाचा महामार्ग, चारशे किलोमीटरच्या आतबाहेर. हिवाळ्यात बर्फाचं वादळ उठलं की आयोवातला हा रस्ता वाहतुकीला बंद करण्याची वेळ येते. ३ नोव्हेंबर २०२६ ला मिनेसोटात राज्यपालाची निवडणूक आहे. मतदान केंद्रं रात्री ८.०० ला बंद होतात.